आत घेतलेलं बाहेर कधी काढायचं?

म्युनिकमधला माझा पहिला ऑक्टोबर. एका शनिवारी सकाळी दूध आणायला दार उघडलं, तर जिन्यात कण्हेर उभी होती.

चांगली माणसाच्या उंचीची, मोठ्या कुंडीतली. जिना जिथं वळतो तिथल्या खिडकीपाशी तिला नेऊन ठेवायचं चाललं होतं. तळमजल्यावरच्या आजीबाई सूचना देत होत्या आणि एक तरुण मुलगा कुंडी एकेक पायरी वर चढवत होता. मीही हात लावला. कुंडी जागेवर बसल्यावर आजीबाईंनी तिची पानं ओल्या फडक्यानं पुसली.

मला हसू येत होतं. मी मालवणकडचा. कण्हेर आमच्याकडे देवळाच्या कुंपणाला असते, नाहीतर हायवेच्या दुभाजकात. तिला कुणी पाणी घालत नाही. विषारी असल्यामुळे गुरं तोंड लावत नाहीत. ट्रकचा धूर खात, मे महिन्याचं ऊन खात ती फुलत राहते. तिला कुणी जपतंय हे दृश्य मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो.

आजीबाईंनी मोडक्या इंग्रजीत आणि मी मोडक्या जर्मनमध्ये जे बोललो त्यातून कळलं ते असं. ही कण्हेर तीस वर्षांची आहे. दर ऑक्टोबरात आत येते, दर मे महिन्यात बाहेर अंगणात जाते. तिकडे घरोघरी असं चालतं. ज्यांच्याकडे जागा नाही ते पैसे देऊन आपली झाडं हिवाळाभर नर्सरीच्या काचघरात ठेवतात आणि वसंतात परत घेतात. लिंबू, ऑलिव्ह, कण्हेर अशी सगळी दक्षिणेकडची उबदार देशातली झाडं.

मी विचारलं, "बाहेर कधी जाणार?"

त्या म्हणाल्या, "पंधरा मे."

ऑक्टोबरात उभं राहून बाईंनी मे महिन्यातली तारीख सांगितली होती. मला वाटलं, गंमत करतायत. नंतर कळलं की ती तारीख तिथं सगळ्यांना पाठ असते. मे महिन्यातले साधारण ११ ते १५ हे दिवस पाच ख्रिस्ती संतांच्या नावाचे आहेत, आणि त्यांना 'बर्फाळ संत' म्हणतात. शेवटचा दिवस सोफीचा, 'थंड सोफी'चा. ती गेल्याशिवाय नाजूक रोपं बाहेर काढायची नाहीत, कारण तोवर एखाद्या रात्री दव गोठून सगळं करपू शकतं. सोफी गेली की झाडं बाहेर.

तेव्हा ती तारीख मी ऐकली आणि विसरलो. ती मला परत आठवली तीन वर्षांनी पुण्यात. तेव्हा आमच्या घरात आत घेतलेलं झाड नव्हतं, माझी आजी होती. पण तिथं जाण्याआधी माझ्या स्वतःच्या दोन कुंड्यांची गोष्ट सांगितली पाहिजे.

*

म्युनिकमधल्या एका मराठी कुटुंबानं मला दोन रोपं दिली होती. तुळस आणि कढीपत्ता. परदेशातल्या मराठी घरांत ही दोन रोपं फार निष्ठेनं जपली जातात. एकीकडे देव आणि दुसरीकडे फोडणी.

तुळस मी हीटरशेजारी ठेवली. थंडीत तिला ऊब मिळावी हा सरळ हिशोब. रोज पाणीही घालत होतो. नोव्हेंबरभर ती भराभर वाढली आणि मी खूश होऊन फोटो पाठवत राहिलो. मग लक्षात आलं की ही वाढ काही खरी नाही. काडी लांब, बारीक, फिकट, खिडकीकडे झुकलेली. पानं बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाहीत. जानेवारीत ती बुडातून काळी पडली आणि गेली.

नंतर मी वाचत बसलो. इंजिनिअर माणूस, सिस्टिम पडली की लॉग बघायची सवय. कारण साधं निघालं. झाड अन्न बनवतं उजेडात, आणि ते खर्च करतं उबेच्या प्रमाणात. मालवण १६ अंश अक्षांशावर आहे. तिथला वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे अकरा तासांचा असतो. म्युनिक ४८ अंशांवर. डिसेंबरातला लहान दिवस सव्वाआठ तासांच्या आसपास, तोही ढगाळ, आणि काचेतून आत येईतो त्यातला बराच उजेड गळून गेलेला. म्हणजे माझ्या तुळशीचं उत्पन्न घटलं होतं, पण हीटरच्या उबेमुळे खर्च उन्हाळ्यासारखा चालू होता. उरलीसुरली शिल्लक वापरून ती उजेड शोधत लांब होत गेली. वर मी पाणी घालत होतो, जे तिला प्यायचं नव्हतं. मुळं कुजली.

म्हणून जाणकार लोक कण्हेर हीटरशेजारी ठेवत नाहीत. तिला पाच-दहा अंशांची थंड पण उजेडाची जागा देतात. पाणी अगदी कमी, खत बंद. उजेड कमी असेल तर ऊबही कमी हवी, हा नियम. हिवाळ्यात घरात ठेवलेली कितीतरी झाडं थंडीनं मरत नाहीत, जास्तीच्या लाडानं मरतात.

कढीपत्त्यानं डिसेंबरात सगळी पानं टाकली. कुंडीत नुसती काठी उरली. तुळशीच्या अनुभवानं घाबरून मी गावी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन कुंडीसमोर धरला. आजी तेव्हा ऐंशीची. गावच्या घरात एकटी राहायची. शेजारच्या काकीनं तिच्यासमोर फोन धरलेला.

आजी म्हणाली, "नखान वायच खरवडून बघ."

मी काठीची साल नखानं किंचित खरवडली. आत हिरवं होतं.

"मेलो नाय तो. निजलो हा. उठवू नको."

मी तो कढीपत्ता उचलून जिन्यात कण्हेरीच्या शेजारी नेऊन ठेवला. दोन आठवड्यांतून एकदा पेलाभर पाणी. बाकी काही करायचं नाही. काही न करणं मला किती जड जातं हे मला त्या हिवाळ्यात कळलं. मार्चच्या शेवटी काठीला गाठी आल्या, एप्रिलमध्ये पानं. पंधरा मे गेल्यावर आजीबाईंनी दोन्ही कुंड्या बाहेर काढल्या, पण थेट उन्हात नाही. आधी आठवडाभर भिंतीच्या सावलीत, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण. सहा महिने काचेआड राहिलेली पानं एकदम उन्हात गेली की भाजतात. आत घेण्याइतकंच बाहेर काढण्यालाही शास्त्र आहे.

*

हे सगळं मला परक्या देशातलं कौतुक वाटत होतं. पण विचार केल्यावर लक्षात आलं की माझं सगळं बालपण याच कामात गेलंय. फक्त आमचा 'हिवाळा' जूनमध्ये येतो.

मालवणात गोठवणारी थंडी नसते. उलट डिसेंबरात थोडा गारठा पडला तर लोक खूश होतात, कारण गार रात्रींनी हापूसला मोहोर धरतो. आमच्याकडे झाडामाणसांना आत घ्यायला लावतो तो पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. त्याआधीच्या तयारीला आमच्याकडे आगोट म्हणतात. लाकडं, शेण्या, सुकी मासळी, कांदे, सोलं सगळं आत. पडवीला माडाच्या झावळांचे विणलेले झाप लावायचे. आजी काकडीच्या आणि भोपळ्याच्या बिया राखेत घोळवून ठेवायची. कुंड्यांतला निवडुंग, अडेनियम, गुलाब पागोळीच्या आत, भिंतीला लागून. नाहीतर बुडं कुजतात.

म्हणजे म्युनिकच्या आजीबाई मे महिन्याच्या मध्याला झाडं बाहेर काढत असतात त्याच दिवसांत माझी आजी सगळं आत घेत असायची.

आणि तारीख आमच्याकडेही आहे. पाऊस सरला की झाप उतरतात. खळा, म्हणजे घरासमोरचं अंगण, चोपून सारवलं जातं. त्यावर माटव उभा राहतो. तुळशीच्या लग्नापर्यंत सगळं घर पुन्हा बाहेर आलेलं असतं. भात वाळत असतं, माणसं खळ्यात बसलेली असतात. आपल्या परंपरेत तर देवही आषाढी एकादशीला झोपतो आणि कार्तिकी एकादशीला उठतो. कुणाची श्रद्धा असो वा नसो, त्या कल्पनेतला हिशोब मला आवडतो. झोपायच्या दिवशीच उठायचा दिवस ठरलेला आहे.

तुळस मात्र कधीच आत येत नाही. ती खळ्यात, वृंदावनात. पावसात वाढते, उन्हाळ्यात सुकते, तिचं बी खाली पडतं आणि पुढच्या पावसात पुन्हा रुजतं. मी म्युनिकला तुळस खिडकीत ठेवली हे सांगितलं तेव्हा आजीला ते विचित्रच वाटलं होतं. तुळस घरात कशी?

*

दोन वर्षांनी मी परत आलो. कढीपत्ता आजीबाईंकडे दिला. आता आई, बाबा आणि मी पुण्यात सातव्या मजल्यावर राहतो.

गेल्या वर्षी जुलैत आजी खळ्यात घसरली. चिऱ्यावर शेवाळ धरलं होतं. घोट्याजवळचं हाड मोडलं. बाबा आणि मी रातोरात गाडी काढून गेलो आणि तिला पुण्याला घेऊन आलो. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. बाहेर मरण असेल तर आत घ्यायचं. अजूनही तसंच करीन.

आम्ही तिला खिडकीशेजारची खोली दिली. प्लास्टर सहा आठवडे होतं. आईनं तिचं सगळं केलं. फिजिओथेरपिस्ट घरी यायची. सप्टेंबर संपेपर्यंत आजी वॉकरशिवाय घरात फिरायला लागली.

तेव्हा तिनं पहिल्यांदा विचारलं, "माका घराक कधी व्हरतलस?"

घरी कधी नेशील? मी म्हणालो, "बघू."

गणपती झाले होते. दसरा आला. "बघू, अजून पाऊस आहे." दिवाळी आली. "बघू, माझं रिलीज आहे." तुळशीचं लग्न आलं. सोसायटीच्या पार्किंगमधल्या कुंडीतल्या तुळशीचं लग्न तिनं खुर्चीत बसून पाहिलं. "बघू, आता थंडी सुरू होईल."

यातलं एकही कारण खोटं नव्हतं. हीच खरी अडचण आहे. एखाद्याला आत ठेवायला वाईट कारण लागत नाही. दर महिन्याला एक चांगलं कारण पुरतं. आणि प्रत्येक चांगल्या कारणाच्या शेवटी आपण आणखी प्रेमळ माणूस ठरतो.

डिसेंबरात तिनं विचारणं बंद केलं.

बाबांना वाटलं, रुळली. मलाही एक-दोन आठवडे तसंच वाटलं. खोलीत ऊब होती, टीव्ही होता, वेळेवर जेवण होतं. मग एक दिवस ऑफिसच्या कॉलवरून उठून पाणी प्यायला गेलो तर ती खिडकीशी बसली होती आणि बाहेरही बघत नव्हती. समोरच्या बिल्डिंगची भिंत होती, तिच्याकडेही बघत नव्हती. मला माझी हीटरशेजारची तुळस आठवली. ऊब भरपूर, उजेड कमी. आम्ही जगवण्याचा सगळा बंदोबस्त केला होता, आणि जगण्यासाठी लागणारी एकही गोष्ट तिच्याजवळ ठेवली नव्हती. तिच्या दिवसात तिनं ठरवायचं असं काहीच उरलं नव्हतं. गावात तिला सकाळी उठल्यावर वीस निर्णय घ्यायचे असत. सुंभ कुठलं, माड कुणी पाडायचा, काकीला ताक द्यायचं की नाही.

तेव्हा मला 'पंधरा मे' आठवला.

*

त्या रात्री मी बाबांना कण्हेरीची गोष्ट सांगितली. मला वाटलं, पटेल. बाबा शांतपणे म्हणाले, "झाड मेलं तर दुसरं आणता येतं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण उत्तर नाही. आजी त्यांची आई आहे. ती पुन्हा पडली आणि कुणाला कळलं नाही, तर ते आयुष्यभर कुणी सोसायचं? मी तारीख मागत होतो, पण चूक झाली तर किंमत मी एकटा भरणार नव्हतो. सुरक्षित ठेवणाऱ्याला कुणी दोष देत नाही. मोकळं सोडणाऱ्याला मात्र एका फोनमध्ये जन्माचा दोषी ठरवता येतं. म्हणून आपण सगळे 'बघू' म्हणतो.

पण बाबांच्या वाक्यातच एक गोष्ट दडलेली होती, ती मला दोन दिवसांनी दिसली. आजी झाड नाही, हे खरं. म्हणून तिचं मरण झाडाच्या मरणापेक्षा मोठं आहे, हेही खरं. पण त्याच कारणानं तिचं म्हणणंही झाडापेक्षा मोठं आहे. झाडाला विचारता येत नाही. कढीपत्त्याबद्दल मला नखानं खरवडून अंदाज घ्यावा लागला होता. आजी तर चार महिने तोंडानं सांगत होती. झाडाच्या तुलनेनं मला इथवर आणलं होतं आणि इथं ती तुलना सोडून द्यायची वेळ आली होती.

आम्ही तिला विचारलं. खरं विचारलं, म्हणजे उत्तर आवडलं नाही तरी ऐकायचं ठरवून. बाबांनीच विचारलं, "आये, तिथं परत पडलीस तर?"

ती म्हणाली, "पडाचाच असात तर माझ्या खळ्यात पडतलंय."

पडायचंच असेल तर माझ्या अंगणात पडेन. हे हट्टानं म्हटलेलं नव्हतं. तिनं हिशोब केला होता. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला धोका म्हणजे काय हे आमच्यापेक्षा कमी कळतं असं आपण कशाच्या जोरावर मानतो?

*

इथं कुणी म्हणेल की सगळ्यांना परत कुठे जाता येतं? मीसुद्धा मालवणातून बाहेर पडलोच की. मला काही कुणी परत नेऊन ठेवणार नाही.

बरोबर आहे, आणि त्यासाठी काजूकडे बघावं. काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांबरोबर तो आपल्या किनाऱ्यावर आला आणि कधीच परत गेला नाही. आज कोकणातल्या कुणाला तो परका वाटत नाही. पण काजूला कुणी काचेआड ठेवलं नव्हतं. त्याला उघडी जमीन मिळाली, कातळाच्या कडेला का असेना, आणि तो आपल्या मुळांनी उभा राहिला. मी पुण्यात तसा आहे. माझं काम, माझे मित्र, माझी भांडणं इथं आहेत. आजी पुण्यात कुंडीत होती. म्हणून 'परत जाणं' म्हणजे दर वेळी मूळ गावी जाणं असं नाही. आपल्या पायावर उघड्यावर उभं राहता येईल अशी जागा मिळणं, असा त्याचा अर्थ मी घेतो. ती जागा नवीही असू शकते. मात्र ती कुंडी नसावी.

आणि काचेच्या पेटीनं सगळ्यांचंच भलं केलं असंही नाही. १८३० च्या आसपास लंडनमधल्या नथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरला दिसलं की बंद बाटलीतल्या ओल्या मातीत नेचं आपोआप उगवलंय आणि टिकलंय. त्यातून 'वॉर्डची पेटी' निघाली. काचेच्या त्या पेटीत रोपं महिनोन्‌महिने समुद्रप्रवासात जिवंत राहू लागली. १८४८ नंतर रॉबर्ट फॉर्च्यूननं चीनमधून चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आणली ती अशाच पेट्यांतून. ती जपणूक उत्तम होती. पण ती ईस्ट इंडिया कंपनीच्या फायद्यासाठी होती. दुसरीकडे फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ ते १६८६ या काळात संत्र्यांच्या झाडांसाठी एक प्रचंड दालन बांधलं गेलं. राजाची हौस, दुसरं काय. तरी त्या हौसेतही एक नियम आहे. लाकडी पेट्यांमधली ती झाडं दर मे महिन्यात बाहेर येतात आणि ऑक्टोबरात आत जातात. आजही. चौदावा लुई गेला, राजेशाही गेली, पण झाडांना बाहेर काढायचा नेम टिकला.

काच तीच, ऊब तीच, कष्टही तेवढेच. फरक पडतो तो एका प्रश्नानं. हे मी कुणासाठी जपतोय? आणि त्या प्रश्नाचं उत्तर आपलं आपल्याला खरं देता येत नाही, कारण आपण स्वतःला सहज फसवतो. म्हणून मला तारीख महत्त्वाची वाटते. तारीख ही आपल्या प्रेमावर बाहेरून लावलेली चाचणी आहे. जो आत घेताना बाहेर काढायची तारीख सांगू शकतो, त्याच्या मनात समोरच्याचं पुढचं आयुष्य आहे. जो 'बघू' म्हणतो, त्याच्या मनात बहुधा स्वतःची भीती आहे. ती भीती वाईट नसते. पण तिला काळजी हे नाव देऊन आपण तिचं भाडं दुसऱ्याकडून वसूल करतो.

काही वेळा तारीख देता येत नाही, हे मला माहीत आहे. काही आजार असे असतात की ज्यात परतीचा मोसम येत नाही. काही घरांना कुलूप लागलेलं असतं आणि ते उघडणारं कुणी नसतं. तिथं प्रामाणिकपणा एवढाच उरतो की 'बघू' म्हणायचं नाही. 'आता जाणं होणार नाही' असं समोर बसून सांगायचं, आणि मग निदान कुंडी उजेडात ठेवायची.

*

जानेवारीत आम्ही आजीला गावी नेलं. आजीबाईंच्या पद्धतीनं. पहिले तीन आठवडे आई तिच्यासोबत राहिली. मी पंधरा दिवस तिथूनच काम केलं, नेटवर्क माडाखाली एका कोपऱ्यातच यायचं, तिथं टेबल लावून. खळ्यातलं शेवाळ घासून काढलं. पायरीला लोखंडी कठडा बसवला. न्हाणीत खरखरीत लादी घातली. काकीकडे दुसरी किल्ली दिली आणि सकाळ-संध्याकाळ एक हाक मारायचं ठरलं. या सगळ्याला पुण्यातल्या फिजिओथेरपीपेक्षा कमी खर्च आला. माणसाला आत ठेवण्यात आमची जेवढी बुद्धी गेली त्याच्या पावपटसुद्धा आम्ही बाहेरचं जग त्याला राहण्याजोगं करण्यात घातली नव्हती.

फेब्रुवारीत एकदा ती खळ्यात अडखळली. कठड्याला धरलं म्हणून वाचली. काकीनं फोन केला तेव्हा बाबा अर्धा तास काही बोलले नाहीत. मीही नाही. आमचा निर्णय बरोबर होता याचा पुरावा मी इथं देऊ शकत नाही. पुढच्या वेळी कठडा हाताशी नसेल. ते ओझं आम्ही घेतलंय, आणि ते हलकं झालेलं नाही.

मे महिन्यात मी आगोटीला गावी गेलो. झाप लावायला आता माणूस मिळत नाही, म्हणून पडवीला प्लास्टिकचा कागद बांधला. त्याच दिवसांत म्युनिकहून फोटो आला. जिन्यातून कढीपत्ता अंगणात निघालाय, माझ्या खांद्याएवढा झालाय. मी तो आजीला दाखवला. तिनं मोबाईल दूर धरून नीट बघितला.

मग मी भीत भीत विचारलं, पावसाचे चार महिने पुण्याला येशील का?

ती लगेच हो म्हणाली. मी तयार नव्हतो त्याला. ती म्हणाली, पावसात चिऱ्यावरून चालायची तिलाही भीती वाटते. पण परतीचं तिकीट आधी काढायचं.

मी सांगितलं की रेल्वेचं तिकीट साठ दिवस आधीच निघतं, त्याच्या आधी नाही. नोव्हेंबरचं तिकीट मे महिन्यात काढताच येत नाही. ते तिला पटलं नाही. पण तिनं मार्ग काढला. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवायला लावलं, पानं उलटून तुळशीच्या लग्नाचा दिवस शोधायला लावला आणि त्याभोवती माझ्याच हातानं पेनानं गोल काढून घेतला.

ते कॅलेंडर आता पुण्यात आमच्या स्वयंपाकघरात लावलंय. आजी खिडकीपाशी बसून कुळीथ निवडते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पान दाखवते. मी मोबाईलवर साठ दिवस आधीचा रिमाइंडर लावून ठेवलाय. बाबांनीही लावलाय, हे मला परवा कळलं.